मुद्रक : हमीद इस्माईल खोत

हमीद इस्माईल खोत, वय अठ्ठावन्न, धंदा मोटार रिवाइंडिंग, गाळा पावणे गावच्या औद्योगिक पट्ट्यात. या माणसावर अन्याय झाला. कधी, तेही सांगतो. अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीतला दुसरा गुरुवार, दुपारी तीनचा भोंगा वाजून गेल्यावर दहा मिनिटांनी. दोन हवालदार जीपमधून उतरले, "मुद्रक कोण?" असं विचारलं आणि हमीदचाचांना पोलीस ठाण्यात नेऊन बाकावर बसवलं.

मी पत्रकं लिहितो. खाडीत रसायनं सोडणाऱ्या कारखान्यांविरुद्ध आम्हा दहाबारा पोरांची संघटना आहे, तिची. पत्रकाची रीत अशी की आधी अन्याय, मग वेळ, मग जबाबदार कोण. या वेळी जबाबदार कोण ते जरा उशिरा येईल. आधी हमीदचाचा कळले पाहिजेत.

चाचा मूळचे उरणकडच्या किनाऱ्यावरच्या गावचे. वीस वर्षं जहाजावर इलेक्ट्रिशियन होते. जहाज सोडताना लोक टीव्ही आणतात, घड्याळं आणतात. चाचांनी आवाज मुद्रित करायचं स्पूलवालं मशीन आणलं, ट्रंकेएवढं, जर्मन. गाळ्याच्या पुढच्या भागात जळलेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची रिळं, व्हार्निशचा वास. मागे एक खोली, भिंतींना गोणपाट आणि अंड्यांचे ट्रे ठोकलेले. तिथे ते निकाह, कव्वाल्या, कोळीगीतं टेपवर घ्यायचे. या खोलीत आमच्या 'ओव्हरलोड' या रॉक बॅण्डचे तिन्ही अल्बम झाले. आमच्या म्हणजे संज्याच्या. संज्या गायचा आणि गिटार वाजवायचा, बाळू ड्रम्सवर, आणखी दोघं होते. मी फक्त कॅसेटमधलं कार्ड तयार करायचो आणि मोर्च्यात कॅसेटी विकायचो.

पहिल्यांदा गेलो ते त्र्याण्णव साल संपता संपता. हमीद नावाच्या माणसाच्या गाळ्यात जायचंय म्हटल्यावर बाळूच्या आईने त्याला दोनदा विचारलं होतं, दुसरीकडे कुठं नाही का होत. त्या वर्षी असं विचारणाऱ्या आया घराघरात होत्या. बाळू म्हणाला, "दुसरीकडं ड्रम आत घेत नाहीत." ते खरंच होतं. बाळूचे वडील कळंबोलीला ट्रकवर. ड्रम्सबरोबर तो तिथल्या लोखंड बाजारातून उचललेला एक जाड पत्राही बडवायचा.

चाचांनी पत्र्याला नखाने टिचकी मारली, कान लावला. मग आमच्याकडे वळले.

"कितीजन हाव?"

"चार," संज्या म्हणाला.

"आनि ह्यो?"

"हा पत्रकं लिहितो."

"मंग ह्याला लांब बसव. माइक उघडा हाय."

तेव्हापासून मी 'पत्रकवाला'. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं असेल असं वाटत नाही.

आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी. आजूबाजूचे प्रेस, लेथ, कॉम्प्रेसर बंद. म्हणून रेकॉर्डिंग शुक्रवारी. पण शुक्रवारी चाचांचा जुम्मा. त्यामुळे सकाळी नऊला सुरू व्हायचं, साडेबाराला चाचा मशीन बंद करायचे, स्वच्छ शर्ट घालून मशिदीत जायचे. तोवर आम्ही वडापाव खाऊन घ्यायचो. परत आले की बोटांना अत्तराचा वास आणि त्याच बोटांनी स्पिरिटच्या बोळ्याने मशीनचं हेड पुसायचे. अत्तर, स्पिरिट, व्हार्निश. आमचा रॉक असा वास घेऊन जन्माला आला.

त्यांची एक सवय आम्हाला सुरुवातीला वेड लावायची. कुठलंही गाणं घेण्याआधी एक मिनिट सगळ्यांनी गप्प बसायचं. हलायचं नाही, खोकायचं नाही. मशीन चालू, टेप फिरतेय आणि टेपवर काहीच नाही.

"टेप फुकट जातेय, चाचा," संज्या म्हणाला.

"खोलीला आदी बोलू दे. मंग तू."

ते त्या मिनिटात तळहात फरशीवर टेकवून बसायचे. एकदा असेच बसले असताना उठले, चौथ्या गाळ्यापर्यंत चालत गेले आणि कुणीतरी चालू ठेवलेला पंखा बंद करवून आले. आम्हाला कुणालाच तो ऐकू आला नव्हता.

रॉक त्यांना आवडत होता का? नाही. स्पष्ट सांगायचे, "गोंगाट हाय." पण गोंगाटही ते असा मन लावून घ्यायचे की कव्वालीने हेवा करावा. आवाज मोजणारा काटा लाल पट्टीत गेला की हात वर करून थांबवायचे. "लालमदी गेला की आवाज मोठा होत नाय, फाटतो." हे त्यांनी मलाही ऐकवलं. माझं एक पत्रक त्यांनी गाळ्यात वाचलं, चष्मा कपाळावर सारला आणि उद्गारचिन्हं मोजली. अकरा निघाली.

"पत्रकवाल्या, तुजा काटा पयल्या ओळीपास्ना लालमदी हाय. कारखानेवाल्याला ऐकू कसा जायल?"

मी वाद घातला. चिडलेला माणूस चिडूनच लिहिणार, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या पत्रकात मी चार चिन्हं ठेवली. आता एकही ठेवत नाही.

पहिला अल्बम निघाला, 'हॉर्न नको'. कार्डावर चौघांची नावं होती, ज्याने फोटोसाठी लेदरचं जाकीट दिलं त्याचं होतं, माझंही होतं. हमीदचाचांचं नव्हतं. कुणाच्या लक्षातच आलं नाही. चाचांनी कार्ड पुढून बघितलं, मागून बघितलं, घडीवर घडी बसवून डबीत घातलं आणि म्हणाले, "चांगला हाय. छपाई झ्याक."

दुसरा अल्बम पंच्याण्णवचा, 'न्यूट्रल'. त्यात एक गाणं होतं, संज्याच्या भावाची नोकरी सुटली त्यावर. संज्या शेवटच्या कडव्यात आवाज कापरा करायचा. चाचांनी ते पाच वेळा थांबवलं. सहाव्यांदा संज्या वैतागला. "आता काय झालं? काटा लालमध्ये नव्हता."

"तू खोटा रडतोस."

"गाण्यात असंच असतं."

"मशीनला ठाव नसता गाण्यात कसा असता. त्याला जा आयकू येता, ता घेता. घरी जा. भावाबरोबर जेव. फुडच्या जुम्म्याला ये."

संज्या रागावून गेला. पुढच्या शुक्रवारी आला तेव्हा सपाट, कोरड्या आवाजात गायला. लोक आजही त्या गाण्यासाठी ती कॅसेट मागतात.

या वेळी मी चूक सुधारली होती. कार्डावर ठळक अक्षरात छापलं: 'विशेष आभार : हमीदचाचा, पावणे'. मोठ्या अभिमानाने नेऊन दाखवलं. चाचांनी वाचलं आणि कार्ड मला परत दिलं.

"आभार कोनाचे मानतात?"

"म्हणजे?"

"ज्यानं खुर्च्या दिल्या त्याचे. चाय पाजली त्याचे. मी खुर्च्या दिल्या?"

मी विचारलं, "मग काय लिहायचं होतं?"

हा माणूस सबंध आयुष्य 'पानी' आणि 'हाय' म्हणत आला. पण तो शब्द त्यांनी एकेक अक्षर सुटं करून, कुठेही न अडखळता उच्चारला. "ध्वनिमुद्रक."

जहाजावर म्हणे कधीकधी रेडिओला मराठी कार्यक्रम सापडायचा. तो संपताना एक बाई नावं वाचायची. लेखक, गायक, वादक, आणि सगळ्यात शेवटी ध्वनिमुद्रक. "चारी बाजूंनी पानी. त्यात ह्यो आवाज ज्यानं धरला, त्याचा नाव शेवटी तरी घ्यायची. मना बरा वाटायचा." मग म्हणाले, "फुडच्या वेळी पुरा नाव लिव. बापाचा पन. आनि गाळ्याचा पत्ता. चाचा-बिचा नको."

मी शब्द दिला.

तिसरा अल्बम 'भोंगा', सत्त्याण्णवचा. नावाच्या गाण्यात कारखान्याचा भोंगा हवा होता. संज्याने तो कीबोर्डवर काढला. चाचा म्हणाले, "ह्यो भोंगा नाय, बकरी हाय." त्यांनी गाळ्याच्या पत्र्यावर चढून माइक बांधला आणि पट्ट्यातला खरा तीनचा भोंगा टेपवर घेतला. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, लुंगी खोचून. खालून त्यांच्या शेजारचा लेथवाला ओरडला, "हमीदभाई, पडाल." वरून उत्तर आलं, "पडलो तर बाजूला हो. आवाज येल."

गाण्याचे शब्द संज्याचे होते. खाडीत मेलेले मासे, पहाटे सोडलेलं पाणी. कुणाचं नाव नव्हतं. ते शब्द मी कार्डावर छापले आणि ते वाचून एका कारखान्याच्या मालकाने स्वतःला ओळखलं. मी त्याला दाद देतो, बरोबर ओळखलं. त्याने तक्रार केली की बदनामीकारक मजकूर छापून वाटला जातोय. पोलीस अशा वेळी नेहमी जे शोधतात तेच त्यांनी शोधलं. कागदाच्या तळाची शेवटची ओळ. तिथे होतं:

मुद्रक : हमीद इस्माईल खोत, गाळा नंबर अमुक, पावणे.

गुरुवारी तीन वाजून दहा मिनिटांनी अन्याय झाला असं मी वर लिहिलंय. ते दुरुस्त करतो. अन्याय त्याच्या महिनाभर आधी झाला, तुर्भ्याच्या छापखान्यात, दुपारी, उभ्या उभ्या. छापखानेवाला म्हणाला होता, माझं नाव घालू नका, तुमची गाणी भानगडीची असतात. मला मोर्च्याला जायचं होतं. प्रूफ हातात आलं. पाच वर्षं पत्रकं तपासणारे माझे डोळे सरळ तळाच्या ओळीवर गेले, कारण तळाला मुद्रकाचं नाव लागतं, हा आमचा पहिला धडा. ओळ होती 'ध्वनिमुद्रक : हमीद इस्माईल खोत', पुढे पत्ता. नाव न वाचताच मला वाटलं, कंपोझिटरने वरच्या 'ध्वनिमुद्रण' या ओळीतला 'ध्वनि' खाली ओढलाय. ओळ लांबतही होती. मी लाल पेनाने 'ध्वनि' खोडला, बाजूला अक्षर काढून टाकायची शेपटीवाली खूण केली, सही ठोकली आणि निघालो.

जबाबदार कोण, ते हे.

गुरुवारी मला हे ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळलं की चाचांना नेलंय. आणि आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की त्यांच्या पासपोर्टच्या चौकशीचा कागद त्याच ठाण्यात पडून आहे. मुलगी मस्कतला, पहिलं बाळंतपण, आई नाही. मार्चच्या आत चाचा तिथे पोचायला हवे होते. नावावर एक गुन्हा लागला की कागद तिथेच सडणार.

मी संज्याला घेऊन ठाण्यात घुसलो. चाचा बाकावर ताठ बसले होते, टोपी गुडघ्यावर. मी सुरू केलं. दडपशाही, कलावंतांची मुस्कटदाबी, ज्येष्ठ नागरिक, साधा चहासुद्धा विचारत नाही तुम्ही.

हवालदार म्हणाला, "विचारला दोनदा. त्यांचा रोजा हाय."

मी चाचांकडे बघितलं. त्यांनी हात वर केला, काटा लालमध्ये गेल्यावर करायचे तसा.

उपनिरीक्षक तरुण होता, माझ्याच वयाचा, आणि खरोखर त्रासलेला. त्याच्यासमोर जबाबाचा कागद होता. "तुमचे हे चाचा सरळ बोलत नाहीत," तो म्हणाला. "छपाईचं मशीन कुठंय विचारलं, तर म्हणतात गाळ्यात. हवालदार बघून आले, मशीन नाही."

"हाय की, साहेब. जर्मन हाय," चाचा म्हणाले.

"किती कॉप्या काढल्या?"

"मी कापी नाय काडत. मी फकस्त मास्तर बनवतो."

"बघा. आता हा मास्तर कोण? नाव सांगत नाहीत. विचारलं कुठे असतो, तर म्हणतात घरी कपाटात."

"थंडाव्याला ठेवाय लागतो, साहेब. उन्हात आवाज जातो त्याचा."

संज्या तोंडावर हात धरून बाहेर गेला. मलाही हसू फुटत होतं, म्हणून मी पुन्हा चिडलो. "मास्टर टेप, साहेब. मूळ टेप. हे गाणी रेकॉर्ड करतात, छापत नाहीत. तुम्हाला मुद्रक कुणी सांगितलं यांना?"

त्याने कार्ड माझ्यापुढे सरकवलं. "वाचा."

मी वाचलं. पुन्हा वाचलं. कार्ड छापून महिना होत आला होता, मी शेकडो लोकांच्या हातात दिलं होतं आणि तळाची ओळ एकदाही वाचली नव्हती. दिला शब्द पाळला, या खुशीत होतो.

खरं सांगतो, त्या क्षणी दुसरा रस्ता होता. छापखान्याची चूक म्हणता आलं असतं. पोलिसांचा डाव म्हणता आलं असतं, त्याचं अख्खं पत्रक माझ्या डोक्यात तयार होतं. मी चाचांकडे बघितलं आणि मला कळलं की त्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कॅसेट हातात घेऊन त्यांनी कार्ड पुढूनमागून बघितलं होतं आणि डबीत घातलं होतं. तसंच, पहिल्या अल्बमसारखं.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "प्रूफ माझ्याकडे आहे. आणतो."

कार्डांच्या गठ्ठ्याबरोबर परत आलेलं प्रूफ संघटनेच्या फाइलमधून आणलं. उपनिरीक्षकाने लाल रेघ बघितली, शेपटी बघितली. "ही सही तुमची?" "माझी." "म्हणजे 'ध्वनि' होता." "होता." "मग काढला कशाला?"

प्रकाशक म्हणून मजकुराची जबाबदारी माझी, असं मी लिहून दिलं. त्याने चाचांचा जबाब मधोमध फाडला. सव्वासहा वाजले होते. हवालदाराने घड्याळ बघितलं, आत गेला आणि पाण्याचा पेला आणून चाचांच्या हातात दिला. चाचांनी खिशातून कागदात गुंडाळलेला खजूर काढला. बांग लांबून, रस्त्यापलीकडून ऐकू आली. ठाण्यात एक मिनिट कुणी बोललं नाही. चाचांनी नेहमीच्या सवयीने तळहात बाकाच्या फळीवर टेकवला होता.

माझा राग संपलेला नाही. कार्डावर हमीद इस्माईल नसतं, हेमंत वामन असतं, तर जीप आली नसती, चिठ्ठी आली असती. हे मी त्या उपनिरीक्षकालाही सांगितलं. तो म्हणाला, "असेल." आणि ज्याने खाडीत पाणी सोडलं त्याला बाकावर कुणी बसवलं नाही. माझ्या लिहून दिलेल्या कागदाचं पुढे काहीच झालं नाही, बहुतेक मालकाच्याच लक्षात आलं की खटला म्हणजे गाणं कोर्टात वाजणार. पण पासपोर्टची चौकशी त्याच उपनिरीक्षकाने केली. गाळ्यात आला, मशीन बघितलं आणि मास्तर ऐकला. कागद पंधरा दिवसांत पुढे गेला. संज्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा पीसीओच्या काचेला टेकून मी त्याला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

चाचांनी मला एकदाही बोल लावला नाही. बाकावरून उठताना मी विचारलं होतं, "तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तू खुश होतास. म्हटला, खोली बोलतेय, बोलू दे."

फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी ते निघाले. आम्ही गाळ्यावर गेलो. मोटारी लेथवाल्याकडे सोपवलेल्या, मशीनवर मेणकापड घातलेलं. चाचांनी बॅगेतून 'भोंगा'ची कॅसेट काढली, कार्ड उलगडलं आणि माझ्यापुढे धरलं.

"लिव. पोरीला दाखवायचा हाय. तिला वाटंल बाप छापखान्यात लागला."

मी बॉलपेनने 'मुद्रक'च्या आधी 'ध्वनि' लिहिला. ऱ्हस्व वेलांटी जरा वाकडी झाली. त्यांनी चष्मा लावून तपासलं, आणि पहिल्यांदाच कार्ड डबीत न घालता शर्टाच्या खिशात ठेवलं. मग म्हणाले, "एक मिनिट." आम्ही सवयीने गप्प झालो. ते मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले, अंड्यांच्या ट्रेकडे बघत. मशीन बंद होतं. मिनिट पुरं झालं. त्यांनी शटर ओढलं, ते कर्रकन खाली आलं, आणि चाचा म्हणाले, "ह्याला तेल घाल रे." टॅक्सीत बसताना त्यांचा हात खिशावर होता.

मार्चमध्ये नातू झाला. दोघंही सुखरूप आहेत, असा निरोप आला. चाचा अजून तिकडेच आहेत.

'भोंगा'चं कार्ड पुन्हा छापलं गेलं नाही. म्हणजे चुकीची कार्डं तुमच्या घरात आहेत. ज्या मोर्च्यात तुम्ही ही कॅसेट घेतलीत, त्यात ती तुमच्या हातात मी दिली होती. हे पत्रक खाली ठेवा. कॅसेट शोधा, कार्ड बाहेर काढा, तळाची ओळ वाचा. 'मुद्रक'च्या आधी 'ध्वनि' लिहा. ऱ्हस्व इ. जागा कमी दिसेल. मावतो. मी लिहून बघितलाय.